वाकड्या रेघेचा आवाज

गिटारच्या अ‍ॅम्पमधली, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीतली, काचेची ट्यूब तापते म्हणून तिचा आवाज ‘उबदार’ येतो, असं ठामपणे सांगणारे गिटारवादक नेहमी भेटतात. विकणारेही या समजाला खतपाणी घालतात. जुनी काच, जुना कंडेन्सर, जुनं लाकूड, या सगळ्यांत काहीतरी अद्भुत मुरलेलं आहे अशा थाटात जाहिराती लिहिल्या जातात. आवाजात फरक असतो हे खरं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचं कारण तापमानात नसून एका आलेखाच्या बाकात आहे, आणि ते अकरावीच्या त्रिकोणमितीने उलगडतं. इतकं सुंदर गणित हातात असताना लोक जादूवर समाधान मानतात, याचं मला वाईट वाटतं.

उदाहरणासाठी अगदी साधा अ‍ॅम्प घेऊ: फेंडर कंपनीचा ‘चॅम्प’, त्यातलं ५एफ१ हे सर्किट. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण रेडिओची विद्या अंगात मुरलेली होती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातला हा चॅम्प शिकाऊ मुलांसाठी होता. सुटकेसला लावतात तसलं पिवळसर ट्वीडचं कापड, ८ इंची स्पीकर, आणि आवाज कमी-जास्त करायला एकच नॉब. बास-ट्रेबल काही नाही. आत तीन ट्यूब. आपल्याकडे जुन्या रेडिओच्या जमान्यात त्यांना व्हॉल्व म्हणत. ५वाय३ एसीचं डीसी करते. १२एएक्स७च्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे तीन टोकांच्या नळ्या, असतात, ते गिटारचा क्षीण सिग्नल मोठा करतात. शेवटी ६व्ही६ स्पीकर हलवण्याइतकी शक्ती पुरवते. एवढाच कारभार.

आता त्यातल्या एका ट्रायोडच्या आत जाऊ. मधोमध कॅथोड नावाची धातूची बारीक नळी, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. नळीच्या आतली तार तिला सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवते. त्या तापमानाला लेपातले काही इलेक्ट्रॉन बाहेर निसटतात आणि कॅथोडभोवती त्यांचा ढग जमतो. उष्णतेचं काम इथे संपलं. पुढे जे घडतं ते विजेच्या आकर्षण-प्रतिकर्षणाने.

बाहेरच्या बाजूला प्लेट असते, कॅथोडपेक्षा दीडएकशे व्होल्टने धन. ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. दोघांच्या मध्ये बारीक तारेचे वेढे, म्हणजे ग्रिड. ती कॅथोडपेक्षा साधारण दीड व्होल्टने ऋण ठेवलेली असते, त्यामुळे इलेक्ट्रॉनांना अडवते, पण पूर्ण थांबवत नाही. गिटारचा सिग्नल या ग्रिडवर येतो. ग्रिड जराशी कमी ऋण झाली की जास्त इलेक्ट्रॉन सुटतात, जास्त ऋण झाली की कमी. हा प्रवाह एक लाख ओहमच्या रोधातून येतो, म्हणजे प्रवाहात नुसता अर्ध्या मिलिअँपिअरचा फरक पडला तरी रोधावर ५० व्होल्टचा फरक दिसतो. लहानशा हालचालीचं मोठं रूप होतं ते असं. ली डी फॉरेस्टने १९०६ साली फ्लेमिंगच्या दोन टोकांच्या नळीत हे तिसरं टोक घातलं, आणि सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचा पाया तिथे पडला.

आता माझ्या आवडीची गोष्ट. ग्रिडचा व्होल्ट दुप्पट बदलला तर प्रवाहही बरोबर दुप्पट बदलतो का? नाही. कॅथोडभोवतीचा ढग स्वतःच ऋण असतो, त्यामुळे तो मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना परत ढकलतो. हा अडथळा धरून गणित केलं तर प्रवाह व्होल्टेजच्या दीड घाताच्या प्रमाणात निघतो. चाइल्ड यांनी १९११ साली आणि लँगम्युअर यांनी १९१३ साली हा नियम मांडला. दीड घाताचा आलेख सरळ रेघ नसतो, तो वरच्या दिशेने वाकलेला असतो. म्हणून तरंगाचा जो अर्धा भाग प्रवाह वाढवतो तो थोडा जास्त फुगतो, दुसरा अर्धा भाग थोडा दबतो.

थोडी वाकलेली रेघ गणितात लिहायची सोपी रीत अशी: बाहेर येणारा सिग्नल म्हणजे मूळ सिग्नल, अधिक त्याच्या वर्गाचा थोडासा अंश. मूळ सिग्नल साइन तरंग असेल, तर त्याचा वर्ग काय होतो? अकरावीत पाठ केलेलं सूत्र आठवा: साइन वर्ग थीटा बरोबर, एक वजा कोसाइन दोन थीटा, भागिले दोन. त्या ‘दोन थीटा’त सगळं आलं. वर्ग केल्याबरोबर वारंवारता दुप्पट होते! २०० हर्ट्झचा सा आत गेला की ४०० हर्ट्झचा तार सा थोड्या प्रमाणात आपोआप सोबत येतो. तो कोणी वाजवलेला नसतो, रेघेच्या बाकातून जन्मतो. कानाला स्वर भरीव वाटतो तो त्यामुळे.

दोन स्वर एकदम वाजवले तर गंमत आणखी वाढते. अ अधिक ब, याचा वर्ग केला की अ वर्ग आणि ब वर्ग येतातच, शिवाय दोन अब हे पद येतं. दोन साइन तरंगांच्या गुणाकारातून त्यांच्या वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी बाहेर पडते. सा २०० हर्ट्झ, पंचम ३०० हर्ट्झ. वजाबाकी १००, म्हणजे मंद्र सा. बेरीज ५००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार जवारीमुळे येतो, ती यंत्रणा अगदी निराळी, पण सा-पच्या जोडीतून न वाजवलेला गंधार उमटावा हे साम्य मला फार मोलाचं वाटतं. आता पंचमाऐवजी तीव्र मध्यम घ्या, गिटारच्या पट्टीत तो सुमारे २८३ हर्ट्झ येतो. वजाबाकी ८३, बेरीज ४८३. या दोन्हींचं साशी काही जमत नाही आणि आवाज गढूळ होतो. अ‍ॅम्पचा नॉब पूर्ण उघडून वाजवणारे रॉक गिटारवादक मूळ स्वर आणि पंचम एवढीच जोडी पुन्हा पुन्हा का पकडतात, याचं उत्तर या बेरीज-वजाबाकीत आहे.

नॉब आणखी फिरवला की नुसत्या वर्गावर भागत नाही. ग्रिडचा व्होल्ट कॅथोडच्या वर गेला की ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन गिळू लागते आणि तरंगाचं एक टोक चपटं होतं. दुसऱ्या बाजूला ती इतकी ऋण होते की प्रवाह बंदच पडतो, आणि तेही टोक चपटं होतं. ६व्ही६च्या ग्रिडवर ही वेळ सिग्नल साधारण २० व्होल्टचा झाला की येते. मग तिसरा, चौथा, पाचवा असे वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे तरंग, वाढत जातात. पण टोकाकडे जाताना वळण गोलसर राहतं, त्यामुळे ते हळूहळू वाढतात. वादकाच्या बोटाचा जोर आवाजाच्या पोतात दिसतो तो म्हणून.

‘ट्यूब सम हार्मोनिक देते, ट्रान्झिस्टर विषम देतो’ हे वाक्यही सर्रास फेकलं जातं. ते अर्धवट आहे. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये शेवटच्या टप्प्यात दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात, तिथे त्यांचे सम हार्मोनिक एकमेकांना बहुतांशी खोडून काढतात, आणि तरी लोक त्या आवाजावर जीव टाकतात. तिसरा हार्मोनिक म्हणजे तार पंचम, त्यात कर्कश काय आहे? खरा फरक कोपऱ्याचा आहे. भरपूर फीडबॅक दिलेला, म्हणजे बाहेरच्या सिग्नलचा अंश चूक सुधारायला परत आत फिरवलेला, ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मर्यादेपर्यंत सरळ जातो आणि तिथे तरंग एकदम छाटतो. त्या तीक्ष्ण कोपऱ्यातून सातवा, नववा, अकरावा असे हार्मोनिक जोरात बाहेर पडतात. शिवाय चॅम्पचा कागदी स्पीकर ५००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही ऐकवत नाही, बरीच खरखर तिथेच गळते. या साध्या स्पीकरचं श्रेय बहुतेक वेळा ट्यूबला मिळतं.

असाच आणखी एक समज: ५वाय३मुळे जोरात वाजवताना व्होल्टेज थोडं खाली बसतं आणि आवाज लवचीक होतो. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये हे खरं आहे. चॅम्पमधली एकटी ६व्ही६ मात्र गप्प बसलेली असतानाही जवळजवळ तेवढाच प्रवाह घेते, म्हणून व्होल्टेज बसायला फारसं कारणच उरत नाही. आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून काढलेल्या महागड्या ट्यूब विकल्या जातात, त्याबद्दल एवढंच सांगतो की आलेखाचा बाक ठरतो तो कॅथोड, ग्रिड आणि प्लेट यांच्या आकाराने आणि अंतराने. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूत बनवलेले जुने व्हॉल्व नीट चालत असतील तर ते जरूर वापरा, पण दुर्मीळ म्हणून दहापट पैसे मोजू नका.

हा सगळा खटाटोप करून चॅम्प देतो किती? सुमारे ५ वॉट. तीन ट्यूबचे हीटरच, म्हणजे आतल्या तापणाऱ्या ताराच, जवळपास १५ वॉट खातात. ‘पाचच वॉट?’ म्हणून नाक मुरडू नका. ५० वॉटचा अ‍ॅम्प यापेक्षा फक्त १० डेसिबलने मोठा, म्हणजे कानाला साधारण दुप्पट वाटतो. दहापट नाही. फ्लॅटमध्ये पूर्ण उघडलेला चॅम्प शेजाऱ्यांना नक्की ऐकू जातो.

कोणी नातेवाइकाने अमेरिकेहून असा अ‍ॅम्प आणलाच, तर तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावू नका, ट्रान्सफॉर्मर जळेल. ११० व्होल्टचा चांगला स्टेप-डाऊन घ्या. मूळ ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बनवलेला आहे, आपल्या ५० हर्ट्झवर तो थोडा जास्त तापतो, तेव्हा तासन् तास चालू ठेवू नका. आत हात घालायचा असेल तर प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले राहू शकतात. ते रोध जोडून रिकामे करा, मीटर लावून शून्य पाहा, मगच बोट लावा.