जर्मन ऑपेरा इंग्रजीतून ऐकणं

मूळ जर्मन ऑपेराचं संगीत जसंच्या तसं ठेवायचं, सुरांना हात लावायचा नाही, फक्त शब्द इंग्रजी करून गायचे, आणि अशा प्रयोगांची जी रेकॉर्डिंग्ज निघाली ती ऐकायची, अशी एक परंपरा इंग्लंडमध्ये आणि काही प्रमाणात अमेरिकेत चांगली रुजलेली आहे. वाग्नर, मोझार्ट, बेथोव्हन, हुंपरडिंक, रिचर्ड श्ट्राउस, आल्बान बेर्ग, सगळ्यांची जर्मन कामं अशी इंग्रजीत मिळतात. ऑपेराचे पक्के रसिक बरेचदा या रेकॉर्डिंग्जना दुय्यम समजतात, नवख्यांसाठी ठीक आहे म्हणतात आणि पुढे जातात. ते बरोबर नाही. यातली निदान चार-पाच रेकॉर्डिंग्ज अशी आहेत की भाषेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी ती पहिल्या रांगेत बसतात, आणि ज्याला जर्मन येत नाही पण इंग्रजी चांगलं समजतं (म्हणजे आपल्यातले बहुतेक जण) त्याला वाग्नरच्या लांबलचक संवादांत नेमकं काय चाललंय हे त्या त्या क्षणी कळायला यापेक्षा चांगला रस्ता नाही.

थिएटरात आता शब्द वर पाटीवर दिसतात. सरटायटल्स म्हणतात त्यांना, 1983 साली टोरांटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीने पहिल्यांदा वापरले, नंतर सगळीकडे आले. मुंबईत एनसीपीएला न्यूयॉर्कच्या मेट ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात तिथेही खाली सबटायटल्स असतात. पण रेकॉर्ड ऐकताना समोर काहीच नसतं. हातात लिब्रेटो म्हणजे संहितेची पुस्तिका घेऊन बसायचं, एक डोळा जर्मनवर, एक डोळा भाषांतरावर, आणि कान तिसरीकडे. तासाभराने माणूस दमतो आणि पुस्तिका मिटून नुसता ऑर्केस्ट्रा ऐकत बसतो, कथा सुटते ती सुटतेच.

आधीचा काळ

इंग्रजीतून वाग्नर गाणं ही काही अलीकडची टूम नाही. कार्ल रोझा कंपनीने 1876 सालीच लंडनला 'फ्लाइंग डचमन' इंग्रजीत केला होता. 1908 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरा हाउसला हान्स रिश्टरने आख्खी 'रिंग' (म्हणजे वाग्नरची चार ऑपेरांची मालिका) इंग्रजीत केली, आणि रिश्टर म्हणजे साधा माणूस नव्हे, 1876 साली बायरॉइटला, वाग्नरच्या स्वतःच्या थिएटरात, 'रिंग'चा पहिला संपूर्ण प्रयोग त्यानेच कंडक्ट केलेला. खुद्द वाग्नरलाही हे मान्य होतं. 1877 साली मेलबर्नच्या एका चाहत्याला लिहिलेल्या पत्रात त्याने इच्छा व्यक्त केली होती की माझी कामं तिकडे इंग्रजीत व्हावीत, तरच इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना ती आतून समजतील. मूळ भाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे पत्र जरूर लक्षात ठेवावं.

पहिल्या महायुद्धात जर्मन भाषाच नकोशी झाली. न्यूयॉर्कच्या मेटने जर्मन ऑपेरा बंद केले आणि 1920 मध्ये 'पार्सिफाल' परत आणला तो इंग्रजीत. त्याच सुमारास, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, एचएमव्हीने अल्बर्ट कोट्सच्या हाताखाली 'रिंग'मधले तुकडे इंग्रजीत रेकॉर्ड केले, फ्लॉरेन्स ऑस्ट्रल, ट्यूडर डेव्हिस वगैरे गायक घेऊन. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, भोंग्यासमोर उभं राहून गायचं, त्यामुळे ऑर्केस्ट्रा बारीक येतो, पण ऑस्ट्रलचा आवाज त्या खरखरीतूनही असा वर येतो की ऐकत राहावं.

गुडॉलची 'रिंग'

या विषयाचा गाभा म्हणजे रेजिनाल्ड गुडॉल (1901–1990). 1945 साली बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराच्या 'पीटर ग्राइम्स' या ऑपेराचा पहिला प्रयोग याने कंडक्ट केला, आणि नंतर वर्षानुवर्षं कॉव्हेंट गार्डनमध्ये तो जवळजवळ अडगळीत पडला, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत गायकांची तयारी करून घ्यायची एवढंच काम. त्या खोलीला लोक वालहाला म्हणायचे, म्हणजे वाग्नरच्या देवांचा राजवाडा. मग साठी उलटल्यावर लंडनच्या सॅडलर्स वेल्स ऑपेरा कंपनीने त्याला बोलावलं आणि 1968 च्या सुरुवातीला वाग्नरचा 'मास्टरसिंगर्स' इंग्रजीत केला, नॉर्मन बेली हान्स झाक्स, अल्बर्टो रेमेडिओस वॉल्टर. एका रात्रीत लोकांना कळलं की आपल्यात केवढा मोठा वाग्नर कंडक्टर बसलेला होता. बीबीसीने तो रेकॉर्ड करून ठेवला होता पण बाजारात यायला 2008 उजाडावं लागलं, चँडोस या रेकॉर्ड कंपनीने काढला.

त्याच वर्षी सॅडलर्स वेल्स मंडळी लंडनच्या कोलिसियम थिएटरात राहायला गेली, दोन हजारांवर खुर्च्यांचं अवाढव्य थिएटर, आणि तिथे एकेक करून 'रिंग' उभी राहिली. 1970 ला 'व्हॅल्किरी', 1971 ला 'ट्वायलाइट ऑफ द गॉड्स', 1972 ला 'ऱ्हाइनगोल्ड', 1973 ला 'सीगफ्रीड', आणि त्याच वर्षी चारही भाग सलग. 1974 मध्ये कंपनीचं नाव इंग्लिश नॅशनल ऑपेरा झालं. यातला 'सीगफ्रीड' 1973 च्या ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष प्रयोगातून रेकॉर्ड झाला, मग 1975 मध्ये 'ऱ्हाइनगोल्ड' आणि 'व्हॅल्किरी', 1977 मध्ये शेवटचा भाग. छापलं ईएमआयने, पण पैसा उभा केला पीटर मूर्सने. लिव्हरपूलच्या लिटलवुड्स घराण्यातला हा माणूस, ऑपेरा लोकांना समजेल अशा भाषेत असावा या एका गोष्टीवर त्याने आपल्या फाउंडेशनतर्फे आयुष्यभर खर्च केला, पुढे चँडोसची 'ऑपेरा इन इंग्लिश' ही मालिकाही त्याच्याच आधारावर उभी राहिली आणि ही 'रिंग'सुद्धा 2001 च्या सुमारास त्याच मालिकेत परत आली.

गायक सगळे कंपनीतले, घरचे. रेमेडिओस तर लिव्हरपूलचा, गोदीत वेल्डिंगचं काम केलेला. ब्रुनहिल्ड गाणारी रीटा हंटर नदीपलीकडच्या वॉलसीची. गुडॉल एकेकाला घेऊन तासन् तास बसायचा, एकेक ओळ घोटून घ्यायचा, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. त्याची गती फार संथ आहे, यावर कायम वाद होतो. काहींना ते रेंगाळणं वाटतं. मला विचाराल तर या संथपणामुळेच शब्दाला जागा मिळते, गायकाला घाई नसते, व्यंजन पूर्ण उच्चारून मग पुढे जाता येतं.

'व्हॅल्किरी'च्या दुसऱ्या अंकात देवांचा राजा वोटान आपल्या मुलीला, ब्रुनहिल्डला, सगळी हकीकत सांगतो ती जागा घ्या. वाग्नरवर कंटाळ्याचा आरोप होतो तो मुख्यतः इथे. खाली डबल बेसचा एकच खोल स्वर धरलेला, वर वोटान जवळजवळ पुटपुटतोय, सोनं कसं चोरलं, अंगठी कशी मिळवली, करारांनी आपणच कसे बांधले गेलो. जर्मन न कळणाऱ्याला ही वीसेक मिनिटं म्हणजे वाळवंट. वोटान गाणाऱ्या नॉर्मन बेलीच्या तोंडून तेच इंग्रजीत ऐकलं की कळतं की हा देव नाहीये, हा रात्री उशिरा हिशेब तपासत बसलेला आणि सगळे आकडे चुकलेत हे उमगलेला बाप आहे, आणि शेवटी तो आता फक्त शेवट हवा असं दोनदा म्हणतो, पहिल्यांदा जोरात आणि दुसऱ्यांदा आवाज गेल्यासारखा, तेव्हा अंगावर येतं.

दुसरी जागा 'सीगफ्रीड'मधली, मीमेची, म्हणजे नायक सीगफ्रीडला वाढवणाऱ्या बुटक्याची. सीगफ्रीडने ड्रॅगन मारलाय, त्याचं रक्त जिभेला लागलंय आणि त्यामुळे त्याला समोरच्याच्या मनातलं ऐकू येतं. मीमे येतो गोडगोड बोलायला, हातात विषाचा प्याला. त्याला म्हणायचंय की बाळा दमलास, घे, पी जरा. पण तोंडातून निघतं ते मनातलं, की तू झोपलास की तुझं मुंडकं उडवीन. संगीत मात्र अंगाईसारखं लाडीक. म्हणजे सूर एक सांगतोय आणि शब्द बरोबर उलटं, सगळी गंमत आणि सगळी भीती त्या दोघांच्या फटीत आहे. शब्द न कळता ऐकलं तर नुसतं एक लाडीक गाणं ऐकू येतं, म्हणजे वाग्नरने जे केलंय त्याच्या बरोबर अर्धं. ग्रेगरी डेम्प्सीने ही जागा इंग्रजीत अशी गायली आहे की पुस्तिका उघडायची गरजच पडत नाही.

शब्द बसवायचे कसे

आपल्याकडे संगीत नाटकात चालीवर शब्द बसवणं नवीन नाही, खाडिलकरांच्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी चिजांवरून चाली दिल्या आणि पदं त्या चालींवर बसली. पण तिथे नवा अर्थ घ्यायला कवी मोकळा होता. ऑपेराच्या भाषांतरकाराला ती मोकळीक नाही, ज्या स्वरावर मूळ जो शब्द आहे त्याच्या आसपासच तो यायला पाहिजे, कारण ऑर्केस्ट्रा नेमका त्याच क्षणी त्या शब्दाबद्दल काहीतरी बोलत असतो. तलवारीची धून वाजली आणि शब्द दोन मात्रा उशिरा आला की मजा गेली.

दुसरी अडचण शेवटच्या अक्षराची. जर्मनमध्ये ओळी लीबन, श्टेर्बन अशा दोन अक्षरी शब्दांवर संपतात, जोर पहिल्यावर, दुसरं अक्षर हलकं. इंग्रजीत तिथे लव्ह, डाय, एकच अक्षर, आणि स्वर तर दोन लिहिलेले आहेत, मग काहीतरी जोडून द्यावं लागतं नाहीतर एकच अक्षर ताणावं लागतं. त्यात वरच्या पट्टीत गायकाला आ-ओ सारखे उघडे स्वर हवेत, तिथे ई आला की गळा आवळतो. शिवाय 'रिंग'मध्ये वाग्नरने यमकाऐवजी अनुप्रास वापरलाय, एका ओळीत एकाच व्यंजनाचे तीन-तीन शब्द. जुन्या भाषांतरकारांनी हे सगळं सांभाळताना इंग्रजीचे हातपाय इतके पिरगाळले की ते समजायला जर्मनइतकंच कठीण झालं.

गुडॉलच्या 'रिंग'साठी भाषांतर केलं अँड्र्यू पोर्टरने, मूळचा केपटाउनचा, पुढे न्यूयॉर्कर साप्ताहिकाचा नावाजलेला संगीत समीक्षक. त्याने साधं, बोलता येईल असं इंग्रजी घेतलं आणि महत्त्वाचे शब्द त्यांच्या स्वरांवरच ठेवायचा प्रयत्न केला. हे भाषांतर 1976 मध्ये पुस्तक म्हणूनही आलं. नुसतं वाचलं तर कुठे कुठे सपाट वाटेल, पण ते वाचायला केलेलंच नाही, गाऊन ऐकलं की बसतं.

बाकीची रेकॉर्डिंग्ज

जिथे मध्ये मध्ये बोललेले संवाद असतात तिथे भाषांतराचा फायदा लगेच दिसतो, उदाहरणार्थ मोझार्टचं 'मॅजिक फ्लूट'. चँडोसवर चार्ल्स मॅकेरासने कंडक्ट केलेलं आहे, जेरेमी सॅम्सचं भाषांतर, पापागेनो सायमन कीनलीसाइड, आणि पापागेनोसारखं पात्र, म्हणजे गप्पिष्ट पक्षी पकडणारा, तर प्रेक्षकांच्या भाषेतच बोलायला हवं, ते लिहिलंच त्यासाठी. मॅकेरासनेच कंडक्ट केलेलं हुंपरडिंकचं 'हॅन्सेल अँड ग्रेटेल' डेव्हिड पाउंटनीच्या भाषांतरात आहे. या ऑपेराला इंग्रजी परंपरा जुनी आहे, 1947 मध्ये मेटने कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी तो इंग्रजीतच रेकॉर्ड केला होता, रिसे स्टीव्हन्स आणि नदीन कॉनर, कंडक्टर मॅक्स रुडॉल्फ. लहान मुलांबरोबर ऐकायचं असेल तर इथूनच सुरुवात करावी.

बेर्गचा 'वोत्सेक' मात्र लहान मुलांचा नाही. पॉल डॅनियलच्या रेकॉर्डिंगमध्ये अँड्र्यू शोर वोत्सेक आहे. अर्धवट गाणं अर्धवट बोलणं अशी या ऑपेराची रीत, गरीब शिपायाचे तुटके शब्द, त्याला छळणारा कॅप्टन आणि डॉक्टर, हे इंग्रजीत थेट पोचतं आणि संगीत अवघड आहे ही भीती बरीच कमी होते.

कुर्ट वाइल आणि ब्रेख्तचा 'थ्रीपेनी ऑपेरा' (बर्लिन, 1928) ही वेगळीच गोष्ट. मार्क ब्लिट्झस्टाइनचं इंग्रजी रूप 1954 मध्ये न्यूयॉर्कला आलं, लोटे लेन्या त्यात होती, त्याची रेकॉर्ड निघाली, आणि त्यातलं सुरीवाल्या मॅकचं गाणं लुई आर्मस्ट्राँग आणि बॉबी डॅरिन यांनी गाऊन घरोघर नेलं. मराठीत पुलंनी यावरूनच 1978 मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' केलं, जब्बार पटेलांनी बसवलं. तिथे वाइलचं संगीत नाही, नवं आहे, त्यामुळे दोन्ही ऐकली की चाल कायम ठेवून केलेलं रूपांतर आणि चालीही बदलून केलेलं रूपांतर यातला फरक चांगला कळतो.

आक्षेप आणि ऐकायची रीत

आक्षेप खरे आहेत. जर्मन व्यंजनांचा जो कडकडाट वाग्नरने संगीतात मुरवलाय तो इंग्रजीत पातळ होतो. सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, अगदी वर गेली की कुठल्याही भाषेतले शब्द कळत नाहीत, तिथे इंग्रजीचा उपयोग नाही, इंग्लिश नॅशनल ऑपेरानेही 2005 पासून इंग्रजी प्रयोगांना इंग्रजीच सरटायटल्स लावायला सुरुवात केली. आणि वाग्नरच्याच 'ट्रिस्टान'सारख्या ऑपेरात, जिथे दुसऱ्या अंकात शब्द जवळजवळ विरघळून जातात, तिथे मूळ जर्मनच ऐकावं.

पण जिथे माणसं भांडतात, समजावतात, फसवतात, कोडी घालतात, तिथे आधी इंग्रजी ऐकावं. सगळी 'रिंग' एकदम घेऊ नये, चँडोसवर ती 16 सीडींची आहे. 'व्हॅल्किरी'चा पहिला अंक एका बैठकीत, दुसरा दुसऱ्या दिवशी, बुकलेटमध्ये इंग्रजी संहिता असते ती फक्त अडलं तरच बघायची. आणि दुसरा अंक संपला की त्याच आठवड्यात गेओर्ग शोल्टीच्या 1965 च्या जर्मन रेकॉर्डिंगमधली हान्स हॉटरची तीच वोटानची हकीकत ऐकावी, बेलीमुळे प्रत्येक वाक्याचा अर्थ डोक्यात ताजा असतो, त्यामुळे हॉटर कुठल्या शब्दावर आवाज दाबतो आणि का दाबतो ते जर्मन न शिकताही ऐकू येतं.