युरोपात गॅसगळती शोधण्याचा आणि दुरुस्तीचा कार्यक्रम कोणी, कधी आणि कसा दाखल करायचा?

हा परवान्याचा अर्ज नव्हे, हे आधी लक्षात घ्या. युरोपीय संघाचा २०२४/१७८७ क्रमांकाचा मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) नियम ४ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्यानुसार गळती कशी शोधणार, कधी शोधणार आणि सापडली तर काय करणार, याचा लेखी कार्यक्रम आपापल्या देशातल्या सक्षम प्राधिकरणाकडे द्यावा लागतो. प्राधिकरण त्यात बदल करायला सांगू शकतं.

कोणाला लागू?
तेल-वायू उत्पादक, मुख्य पाइपलाइन आणि शहरातलं वितरण जाळं चालवणारे, भूमिगत साठे आणि एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल. घरमालकांनी घाबरू नये: ग्राहकाच्या आवारातली जोडणी आणि मीटर यातून वगळले आहेत.

मुदत
जुन्या ठिकाणांची मुदत ५ मे २०२५ ला संपली. नवं ठिकाण सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत कार्यक्रम द्यायचा.

तपासणी
दोन प्रकारच्या. पहिली ढोबळ, मोठी गळती पकडणारी. दुसरी बारीक, यंत्र अगदी सांध्याजवळ नेऊन केलेली. कॉम्प्रेसर स्टेशनवर, म्हणजे पाइपलाइनमधल्या वायूचा दाब वाढवणाऱ्या केंद्रावर, पहिली दर चार महिन्यांनी, दुसरी दर आठ महिन्यांनी. नाकावर विसंबू नका, मिथेनला स्वतःचा वास नसतो. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात मात्र फ्लँजच्या (पाइप जोडणाऱ्या कडीच्या) बोल्टापाशी धुरासारखी रेघ हलताना दिसते. साबणाचं पाणी टाकलं की तिथेच बुडबुडे फुगतात.

जमिनीवरच्या भागांत बारीक तपासणीत ५०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत मिथेनचे ५०० भाग) किंवा ताशी १ ग्रॅम गळती दिसली की दुरुस्ती किंवा बदली सक्तीची. ढोबळ तपासणीत हीच मर्यादा ७००० पीपीएम किंवा ताशी १७ ग्रॅम आहे. काम शक्यतो लगेच करायचं. नाहीच जमलं तर पाच दिवसांत पहिला प्रयत्न आणि तीस दिवसांत काम पूर्ण. उशिराला सुरक्षेची, प्रशासकीय किंवा तांत्रिक अडचण चालते, पण पुराव्यासकट. ‘सुटा भाग आला नाही’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. ऑर्डर दिल्याचा कागद ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी होते.

कागदपत्रं
तपासणीचं वेळापत्रक, वापरलेल्या यंत्रांची माहिती, दुरुस्तीचं नियोजन आणि वार्षिक अहवाल. माझ्या मते सगळ्यात वजनदार कागद म्हणजे गळतीची नोंदवही. गळती कितीही लहान असो, नोंद हवीच आणि ती किमान दहा वर्षं जपायची. मर्यादेखालची म्हणून सोडून दिलेली गळती पुढच्या फेरीत वाढली, तर तपासनीस आधी तीच ओळ शोधतो.