अद्भुतरम्य बालकादंबरीचे चित्रपटीय रूपांतर (बेळगाव सीमाभाग)

मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबरीवरून घरातल्या लहानथोरांनी एकत्र पाहावा असा चित्रपट करणे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी भाषकांना याचे सर्वांत जवळचे उदाहरण कन्नडमध्ये सापडते : दिग्दर्शक टी. एस. नागाभरण यांचा ‘चिन्नारी मुत्ता’ (१९९३). त्याचा आधार कार्लो कोलोदी यांची ‘पिनोकिओ’ ही इटालियन कादंबरी; तिचा नायक पिनोकिओ हा लाकडी बाहुला शेवटी खरा मुलगा होतो.

मूळ संहिता : कादंबरी १८८१ च्या जुलैपासून मुलांच्या नियतकालिकात क्रमशः आली, पुस्तक १८८३ चे. पंधराव्या प्रकरणात चोर बाहुल्याला ओकच्या झाडाला फाशी देतात आणि लेखन तिथेच थांबले होते. पुढे ते पुन्हा सुरू होऊन ३६ प्रकरणे झाली. फाशी हाच लेखकाच्या मनातला शेवट होता व पुढचा भाग वाचकांच्या आग्रहास्तव जोडला गेला, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते बाहुल्याचा मुलगा होणे हीच कथेची दिशा. चित्रपटकारांनी बहुधा दुसरी बाजू घेतली आहे आणि तीच अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्यासाठी मूळचा कठोरपणा घालवावा लागत नाही. कादंबरीत उपदेश करणाऱ्या रातकिड्याला बाहुला हातोडा फेकून मारतो. डिस्नेच्या १९४० च्या रेखाटलेल्या चित्रपटात तोच रातकिडा त्याचा जन्माचा सोबती झाला. खोटे बोलल्यावर वाढणारे नाकही पुस्तकात मोजक्याच प्रसंगी येते.

नायकासाठी मराठीत ‘कळसूत्री बाहुले’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो टाळावा, कारण हा बाहुला दोरीविना चालतो. ‘लाकडी बाहुला’ म्हणणे बरे.

कन्नड रूपांतर : नागाभरण यांनी कथा कन्नड मुलखात आणून गाण्यांवर तोलली. गीते एच. एस. वेंकटेशमूर्ती यांची, संगीत सी. अश्वथ यांचे; बाहुला मुत्ता झाला बालकलाकार विजय राघवेंद्र. कन्नडमधील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. जिवंत मुलगाच बाहुला झाला की अडचण शेवटी येते : लाकडाचा माणूस झाला हे पटवायचे, पण प्रेक्षकाला पहिल्यापासून मूलच दिसलेले असते. रेखाटलेल्या बाहुल्याला ही अडचण नाही. त्यामुळे इथे सारा भार मुलाच्या चालण्यावर आणि गाण्यावर येतो.

सीमाभाग : येथील मराठी माध्यमाच्या शाळांतही कन्नड विषय असतो, तेव्हा असा चित्रपट मराठी मुलाला परका नाही; बाहुलीला ‘गोंबे’ म्हणतात हे त्याला शिकवावे लागत नाही. याच जिल्ह्यात गोकाक आहे. तिथली लाकडी खेळणी प्रसिद्ध; रंगवलेला लाकडी आंबा खऱ्याशेजारी ठेवला तर चटकन ओळखू येत नाही, उचलून पाहावा लागतो. या कथेला मराठीत आणणाऱ्याने बाहुल्याचा बाप इटलीचा सुतार न ठेवता गोकाकचा कारागीर करावा आणि त्याच्या तोंडी कन्नड मिसळलेली बेळगावी मराठी ठेवावी.