प्रोस्टेटचं आकारमान आणि रोबोटिक प्रोस्टेटेक्टॉमी

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी रोबोटच्या मदतीने काढतात, तेव्हा ती ग्रंथी किती मोठी आहे याचा ऑपरेशनवर आणि नंतरच्या निकालावर काय परिणाम होतो, हा या नोंदीचा विषय. मोठी ग्रंथी सर्जनला जड जाते आणि छोटी ग्रंथी कॅन्सरच्या बाजूने जास्त काळजीची ठरते. ऐकायला उलटं वाटतं, पण बऱ्याचशा अभ्यासांचा कल असाच आहे.

तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० सीसी म्हणजे अक्रोडाएवढी असते. वय वाढतं तशी ती फुगते, पन्नाशी-साठीनंतर ४०-५० सीसी अगदी नेहमीचं आणि १०० च्या वर गेलेल्याही दिसतात. ही वाढ कॅन्सरची नसते, ती मूत्रमार्गाला लागून असलेल्या ट्रान्झिशन झोनमध्ये होते, आणि कॅन्सर मात्र साधारण ७० टक्के वेळा बाहेरच्या पेरिफेरल झोनमध्ये असतो. ही झोनची मांडणी पॅथॉलॉजिस्ट जॉन मॅकनील यांची, सुरुवात १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि आज वापरतात ते रूप साधारण १९८० च्या आसपासचं धरतात. म्हणजे ग्रंथी मोठी आहे म्हणून कॅन्सर मोठा असं अजिबात नाही, आणि पेशंटच्या घरचे सगळ्यात जास्त घाबरतात ते नेमकं याच गैरसमजामुळे.

आकार मोजायची पद्धत सोपी दिसते पण तिथेच बरीच गडबड आहे. सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये लांबी, रुंदी आणि उंची घेतात, तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणतात, कारण ग्रंथी लंबगोल आहे असं गृहीत धरलेलं असतं. ५ × ४.५ × ४ सेंटीमीटरची ग्रंथी अशी साधारण ४७ सीसी येते. आता प्रत्येक माप १० टक्क्यांनी जास्त घेतलं गेलं तर उत्तर १० नाही, ३३ टक्क्यांनी फुगतं, म्हणजे तीच ग्रंथी ६२ सीसीची होऊन बसते. त्यात मधला लोब, म्हणजे ग्रंथीचा मधला फुगलेला भाग, मूत्राशयात वर घुसलेला असला की लंबगोल हे गृहीतकच मोडतं. काही अभ्यास स्कॅनवरचं माप धरतात तर काही काढलेल्या ग्रंथीचं वजन, आणि वजनात बहुतेकदा वीर्याशयही आलेले असतात. एका अभ्यासातली ‘मोठी’ ग्रंथी दुसऱ्यात मधल्या गटात पडते ती यामुळेही, म्हणून दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवताना आधी मोजलं कसं ते बघावं.

रोबोटने हे ऑपरेशन करायला २००० साली युरोपात सुरुवात झाली. पहिलेपणाचा मान बहुधा फ्रँकफर्टच्या बाइंडर यांना देतात, पॅरिसमध्ये आबू यांचं कामही त्याच वर्षातलं. पण रोजच्या वापरातली, पुन्हा पुन्हा तशीच करता येईल अशी पद्धत बसवली ती डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये मणी मेनन यांनी, आणि या नोंदीच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचं.

मोठ्या ग्रंथीत अडतं कुठे, तर मुख्यतः जागेत. ओटीपोटाच्या हाडांची पोकळी काही ग्रंथीबरोबर वाढत नाही, त्यामुळे ग्रंथी बाजूला सारायला वावच उरत नाही, आणि अरुंद खोल पोकळीतली ६० सीसीची ग्रंथी रुंद पोकळीतल्या ९० पेक्षा जास्त त्रास देऊ शकते. दुसरी अडचण मूत्राशयाच्या मानेची, म्हणजे मूत्राशय ग्रंथीला जिथे जोडलेलं असतं त्या तोंडाची. मधला लोब असेल तर मूत्राशयाची पुढची भिंत उघडल्यावर समोर गुळगुळीत गाठ आलेली दिसते, ती वर उचलून धरायची आणि तिच्या खालून मागची भिंत कापत जायचं. इथे कापायची पातळी चुकली तर एका बाजूला ग्रंथीतच शिरतो आणि दुसऱ्या बाजूला मूत्राशयाला भोक पडतं, शिवाय किडनीकडून येणाऱ्या मूत्रवाहिन्यांची तोंडं अगदी काठाशी आलेली असतात, ती आधी बघून ठेवावीच लागतात. मान रुंद राहिली की ती टाके घालून लहान करायची आणि मगच मूत्रमार्गाला जोडायची. या सगळ्यात वेळ जातो, रक्त थोडं जास्त जातं, पण पोटात भरलेल्या गॅसच्या दाबामुळे रोबोटिकमध्ये एकूण रक्तस्राव मुळातच कमी असतो, म्हणून हा फरक आकडेशास्त्रात दिसला तरी रक्त द्यायची वेळ क्वचितच येते. ग्रंथी बाहेर काढायला बेंबीजवळचा छेद मोठा करावा लागतो तेवढंच. नवशिक्या सर्जनने सुरुवातीच्या केसेसमध्ये फार मोठ्या ग्रंथी आणि मधला लोब टाळावा असं सांगतात ते योग्यच आहे.

आता कॅन्सरचा भाग, आणि वाद इथेच आहे. मोठ्या ग्रंथींमध्ये पॉझिटिव्ह मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला असणं, कमी सापडतं, ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा) कमी असतो, कवचाबाहेर पसरलेला आजारही कमी. २००५ मध्ये फ्रीडलँड आणि सहकाऱ्यांनी, तेही रोबोटिक नसलेल्या ऑपरेशनांवरून, लहान ग्रंथीवाल्यांमध्ये जास्त आक्रमक कॅन्सर आणि ऑपरेशननंतर पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजतात ते प्रथिन) पुन्हा वाढण्याचं प्रमाण जास्त दाखवलं, तेव्हापासून ही चर्चा रंगली. एक मत असं की लहान ग्रंथी म्हणजे शरीरात टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव कमी, आणि तशा वातावरणात वाढलेला कॅन्सर जास्त हट्टी असतो. दुसरं मत असं की हा सगळा शोधण्याच्या पद्धतीचा खेळ आहे: साधी वाढलेली ग्रंथीसुद्धा पीएसए वाढवते, पीएसए वाढला म्हणून बायोप्सी होते आणि त्यात एखादा छोटा, निरुपद्रवी कॅन्सर सापडतो, तर लहान ग्रंथीत पीएसए वाढला असेल तर तो बहुधा कॅन्सरनेच वाढवलेला असतो. उदाहरणार्थ पीएसए ६ आहे, ग्रंथी ८० सीसीची असेल तर पीएसए डेन्सिटी (पीएसए भागिले ग्रंथीचं आकारमान) ०.०७५ आणि ३० ची असेल तर ०.२, आणि नेहमी वापरली जाणारी शंकेची रेषा ०.१५ ची. तिसरा मुद्दा निव्वळ भूमितीचा, लहान ग्रंथीत तेवढाच कॅन्सर कडेच्या जवळ असतो. हार्मोनचं स्पष्टीकरण आकर्षक आहे, पण पुराव्याचं वजन शोधपद्धतीच्या बाजूने जास्त पडतं. एवढंच की पीएसए आणि स्टेज हिशेबात धरूनही आकाराचा थोडा प्रभाव काही विश्लेषणांत उरतोच, तेवढ्यापुरता प्रश्न उघडा ठेवावा लागतो.

लघवीवरच्या ताब्याबाबत निकाल एकसारखे नाहीत. मोठ्या ग्रंथीनंतर सुरुवातीचे काही महिने गळती जास्त राहते असं बऱ्याच ठिकाणी दिसतं, वर्ष-दोन वर्षांत फरक मिटतो किंवा फार कमी उरतो. एमआरआयवर दिसणारी स्फिंक्टरजवळच्या (लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूजवळच्या) मूत्रमार्गाची लांबी, वय आणि सर्जनचा हात या गोष्टी आकारापेक्षा जास्त ठरवतात. लैंगिक क्षमतेचं मोजमाप याहून कच्चं, कारण मोठ्या ग्रंथीवाले पेशंट मुळातच वयाने मोठे असतात. एक फायदा मात्र नक्की सांगावा असा: ज्यांना आधीपासून धार बारीक, रात्री चार-चार वेळा उठणं असा त्रास होता, त्यांचा अडथळाच निघून जातो आणि लघवीचा त्रास ऑपरेशनआधीपेक्षा कमी होतो.

आकार आधी औषधाने कमी करून मग ऑपरेशन करावं का, असं विचारलं जातं. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइडने काही महिन्यांत ग्रंथी साधारण पाव भागाने आकसते आणि पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून ही औषधं चालू असतील तर पीएसएचा आकडा दुप्पट करून वाचायचा. ऑपरेशनआधी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं दिली तर पॉझिटिव्ह मार्जिन कमी होतात, पण त्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही, त्यामुळे नेहमीसाठी ती सुचवत नाहीत. रेडिएशनच्या बिया बसवण्याच्या ब्रॅकीथेरपीत मात्र साधारण ५०-६० सीसीच्या वर अडचण येते, कारण प्यूबिक हाडाची कमान सुयांच्या वाटेत येते आणि नंतर लघवी अडण्याचा धोकाही वाढतो. रोबोटिक ऑपरेशनला अशी ठरलेली वरची मर्यादा नाही, १०० सीसीच्या वरच्या ग्रंथीही अनुभवी हातांनी नियमित काढल्या जातात.