पार्श्वभूमी: आयसीयूतले जंतू औषधांना दाद का देत नाहीत?

जळगाव-धुळ्यात आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना आता कल्चर रिपोर्ट, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा अहवाल, वाचता येऊ लागला आहे. वर जंतूचे नाव, क्लेबसिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर, खाली औषधांची यादी आणि तिच्यासमोर एकाखाली एक 'आर', म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला न जुमानणारा. पेशंट आलेला असतो अपघातात सापडून, जंतू चिकटतो व्हेंटिलेटरच्या किंवा लघवीच्या नळीतून.

हे दुखणे पेनिसिलिनइतकेच जुने आहे. औषध सर्रास वापरात यायच्या आधी, १९४० सालीच, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांना ते निकामी करणारे विकर (एन्झाइम) जिवाणूंमध्ये सापडले होते. कमी मात्रेत औषध घेतले तर जंतू सरावतील, असे पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग १९४५ च्या नोबेल व्याख्यानात सांगून गेले. त्या विकरावर उपाय म्हणून मेथिसिलिन हे औषध आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूची नोंद आली. पुढची प्रत्येक गोळी अशीच हरत गेली.

भारताचे नाव या इतिहासात आले ते एनडीएम-१ या जनुकामुळे; यातले 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णात २००८ मध्ये हे जनुक सापडले. राखीव म्हणून ठेवलेली कार्बापेनेम गटाची इंजेक्शने ते निकामी करते. त्याहून वाईट म्हणजे ते प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसून एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जाते. आपल्याकडे मात्र जनुकापेक्षा त्याला दिल्लीचे नाव का दिले, यावरच जास्त गदारोळ झाला.

मग डॉक्टर वळले कोलिस्टिनकडे. किडनीला त्रास देते म्हणून १९७० च्या दशकात मागे पडलेले हे औषध. त्यालाही हरवणारे, प्लास्मिडवरचे एमसीआर-१ जनुक चीनमधून २०१५ मध्ये नोंदले गेले, आणि तिथे ते डुकरांमध्येही होते. जनावरांना व कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यावर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली, ती नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनाही लागू आहे. मेडिकलवाल्यांसाठी ठराविक औषधांच्या विक्रीचा नियम, शेड्यूल एच-१, त्याआधीच, मार्च २०१४ पासून आला होता: चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि रजिस्टरात नोंद.

खान्देशात मोठी सरकारी सोय बराच काळ धुळ्याच्या मेडिकल कॉलेजपुरतीच होती. जळगावचे कॉलेज २०१८ चे, नंदुरबारचे २०२० चे. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या पेशंटला वाटेत कुठेतरी सलाईन आणि अँटिबायोटिक लागलेले असेल, तर नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू बऱ्याचदा वाढतच नाही. रिपोर्ट कोरा येतो आणि डॉक्टर पुन्हा अंदाजानेच, बहुधा आणखी भारी औषध सुरू करतो.