‘हे नको’ म्हणजे नेमकं काय नको? गिट लॉगच्या फिल्टरांची पार्श्वभूमी

आरसीएस, सीव्हीएस ही कोडमधले बदल नोंदवणारी जुनी साधनं. त्यांच्या दिवसांत लॉग, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची यादी, गाळायला तारीख, आवृत्ती आणि कमिट करणाऱ्याचं, म्हणजे बदल नोंदवणाऱ्याचं, नाव एवढ्यावर भागत असे. २००५ मध्ये त्याच कामासाठी गिट आलं आणि ऑप्शन वाढत गेले. ‘फिल्टर’ हा शब्द तिथे फार सैल वापरला गेला. डिफ-फिल्टर फक्त काय दिसावं ते ठरवतो, तर फिल्टर-ब्रँच इतिहासच नव्याने लिहितो. नवशिके इथे फसतात, त्यात त्यांची चूक नाही.

खरा पेच मात्र दोन अटी एकत्र आल्या की पडतो. चर्चगेटला उभा असलेला बोरिवलीकर इंडिकेटरवर ‘बोरिवली किंवा विरार’ शोधतो, आणि गाडी फास्ट हवी असते. एका जातीच्या अटींमध्ये ‘किंवा’, वेगवेगळ्या जातींच्या अटींमध्ये ‘आणि’. गिट लॉग आज असंच वागतं. ग्रेप हा ऑप्शन कमिटच्या संदेशातला शब्द शोधतो. दोन ग्रेप दिले तर एक जुळला तरी पुरे. दोन्ही हवे असतील तर सोबत ऑल-मॅच द्यायचा. ग्रेपबरोबर ऑथर, म्हणजे लेखकाच्या नावाची अट, दिला तर मात्र दोन्ही जुळावे लागतात. आधी इथेही ‘किंवा’च होतं, ते नंतर सुधारलं.

मग नकार आला. २०१५ च्या २.४ आवृत्तीत इन्व्हर्ट-ग्रेप मिळाला: ज्यांच्या संदेशात अमुक शब्द नाही, ते कमिट दाखव. पण हा नकार सगळ्या जुळणीलाच लागू व्हायचा. ग्रेप आणि ऑथर दोन्ही दिले, तर भलत्याच लोकांचे कमिटही दिसायचे; ग्रेपशिवाय नुसता ऑथर दिला, तर त्या माणसाचे कमिटच वगळले जायचे. ‘फास्ट हवी, विरार नको’ म्हणणाऱ्याला कोणी स्लो गाडीत बसवत नाही. इथे तसंच होत होतं. जानेवारी २०२२ मध्ये, २.३५ आवृत्तीत, हा नकार फक्त ग्रेपपुरता ठेवला गेला. नावातच ग्रेप आहे, त्यामुळे हा निर्णय मला योग्य वाटतो. पण सात वर्षं चाललेलं वागणं हे एव्हाना अनेकांसाठी वैशिष्ट्य झालेलं असतं, हा आक्षेपही खरा आहे.

अशाच इतर साधनांनी वेगळ्या वाटा धरल्या. मर्क्युरिअलने २०१० मध्ये रेव्हसेट ही छोटी प्रश्नभाषाच दिली. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ तिथे उघड लिहायचं. सबव्हर्जनने २०१३ च्या १.८ मध्ये ‘किंवा’साठी सर्च आणि ‘आणि’साठी सर्च-अँड असे दोन ऑप्शन ठेवले. जास्त टाइप करावं लागतं, पण अंदाज बांधावा लागत नाही.

आमच्या अंधेरीच्या टीममध्ये रिलीज नोट काढताना बॉटचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे, कमिट वगळावे लागतात. इन्व्हर्ट-ग्रेपला नुसता ऑथर देऊन ते जमायचं; २०२२ च्या बदलाने ती जुनी पळवाट बंद झाली, आणि ‘हा लेखक नको’ म्हणणारा सरळ ऑप्शन काही तिच्या जागी आला नाही. आता त्यासाठी पर्ल-रेगेक्स या शोध-नमुन्यांच्या भाषेत नकारार्थी लुक-अहेड, म्हणजे ‘पुढे हा शब्द नसावा’ अशी अट, लिहावा लागतो.