ईश्वरमैत्री (ख्रिस्ती धर्म)

देव आणि माणूस यांच्या नात्याला ख्रिस्ती परंपरेने राजा-प्रजा, बाप-लेक, मेंढपाळ-मेंढरू, वर-वधू अशी अनेक रूपे दिली. त्यांत मैत्रीचे रूप सर्वांत धाडसी म्हणावे लागेल. बाप निवडता येत नाही, राजाही बहुधा लादलेलाच असतो. मैत्री मात्र दोघांनी केल्याशिवाय होत नाही. आणि मैत्री म्हटली की इमान आले. त्यामुळे ख्रिस्ती धर्मविचारात ईश्वरमैत्रीचा विषय निघाला की निष्ठेचा विषय मागोमाग येतोच.

बायबलमध्ये ‘देवाचा मित्र’ ही पदवी अब्राहामाची आहे (यशया ४१:८, २ इतिहास २०:७, याकोब २:२३). कुराणातही तो अल्लाचा ‘खलील’, म्हणजे जिवलग मित्र आहे. हेब्रोन या शहराचे अरबी नाव ‘अल-खलील’ पडले ते यावरूनच. ही मैत्री कशी होती हे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, अठराव्या अध्यायात दिसते. सदोमाचा नाश करण्यापूर्वी देव म्हणतो, मी करणार आहे ते अब्राहामापासून लपवून ठेवू काय? बेत कळताच अब्राहाम चक्क घासाघीस करू लागतो. नगरात पन्नास नीतिमान सापडले तर ते वाचवशील ना? मग पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, असे करत तो दहावर येतो. पुन्हा पुन्हा क्षमा मागतो आणि प्रत्येक वेळी आकडा उतरवतो. देव रागावत नाही. सदोम अखेर वाचत नाही, पण ही बोलणी भक्त-देवापेक्षा दोन मित्रांची वाटतात. मोशेविषयीही म्हटले आहे, की मित्राने मित्राशी बोलावे तसा परमेश्वर त्याच्याशी समोरासमोर बोले (निर्गम ३३:११).

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, हा सन्मान एकट्यादुकट्यापुरता राहत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना सांगतो, की यापुढे मी तुम्हांला दास म्हणणार नाही, मित्र म्हणतो. कारण धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसते (योहान १५:१५). मित्राची ओळख इथेही अब्राहामाच्या कथेतलीच आहे: ज्याला मनातले सांगितले जाते तो मित्र. मात्र त्याआधीच्या वचनात एक अट आहे. मी सांगतो ते कराल तर तुम्ही माझे मित्र. आणि लगेच पुढे, तुम्ही मला निवडले नाही, मी तुम्हांला निवडले. म्हणजे ही बरोबरीची मैत्री नव्हे. ‘येशू माझा मित्र’ असे सहज म्हटले जाते तेव्हा ही अट बहुधा गळून पडते आणि मैत्री नुसती गोड होते. दासबोध वाचणाऱ्याला ही अट परकी वाटू नये: नवविधा भक्तीतील आठव्या, सख्यभक्तीच्या समासात समर्थही देवाला जे आवडते तसेच वागायला सांगतात.

निष्ठेचा शब्दव्यवहार मुळातून पाहण्यासारखा आहे. हिब्रू ‘एमुना’ म्हणजे डळमळत नाही असा विश्वासूपणा. प्रार्थनेच्या शेवटी येणारे ‘आमेन’ त्याच धातूचे. आपला ‘इमान’ हा शब्द अरबीतून आला, त्याचाही सेमिटिक धातू तोच. चर्चमधले आमेन आणि ‘इमानाला जागणे’ हे असे दूरचे भाऊबंद निघतात. ग्रीक ‘पिस्तिस’मध्ये विश्वास ठेवणे आणि विश्वासाला पात्र असणे हे दोन्ही अर्थ आहेत. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांत तो येतो तेव्हा मराठी बायबल ‘विश्वासूपणा’ म्हणते. दुसरा मोठा हिब्रू शब्द ‘हेसेद’: दया, ममता आणि दिल्या शब्दाला जागणे यांचे मिश्रण. १३६व्या स्तोत्राच्या सव्वीसच्या सव्वीस ओळींत देवाच्या या अक्षय दयेचे पालुपद आहे. देव आणि इस्राएल यांच्या बंधाला मराठीत ‘करार’ म्हणतात. त्या शब्दाने स्टॅम्पपेपर डोळ्यांपुढे येतो खरा, पण समोरच्याने करार मोडल्यावरही जे उरते त्याला हेसेद म्हणतात. होशेय संदेष्टा तर व्यभिचारी बायकोला परत घरी आणणाऱ्या नवऱ्याच्या रूपात देवाची निष्ठा रंगवतो.

माणसाच्या बेइमानीनंतर या मैत्रीचे काय होते, याचे उत्तर येशूचा शिष्य पेत्र याच्या कथेत मिळते. येशूला धरून नेले त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात थंडी होती. चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता आणि पेत्र तिथे शेकत उभा होता. त्याने येशूची ओळख तीनदा नाकारली. पुनरुत्थानानंतर तिबिर्य सरोवराच्या काठी शिष्य मासेमारीहून परततात, तेव्हा किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी ठेवलेली आहे. ‘अँथ्राकिया’ हा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. न्याहारी झाल्यावर येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? पहिल्या दोन प्रश्नांत प्रेमाचे ‘अगापाओ’ हे क्रियापद आहे, तिसऱ्यात मैत्रीचे ‘फिलेओ’. पेत्राची तिन्ही उत्तरे ‘फिलेओ’चीच. या फरकात फार अर्थ शोधू नये, ही कथा सांगणारा शुभवर्तमानकार योहान समानार्थी शब्द आलटून पालटून वापरतो, असे अनेक अभ्यासक म्हणतात. त्यांचे म्हणणे मान्य केले तरी विस्तव उरतोच. येशू झाल्या गोष्टीचा उल्लेखही करत नाही, फक्त मेंढरे सांभाळायला देतो. धरून देणाऱ्या यहूदालाही त्याने मराठी बायबलात ‘गड्या’ अशीच हाक मारली होती (मत्तय २६:५०). तिथे मूळ शब्द मात्र ‘फिलोस’ नसून ‘हेताइरोस’, म्हणजे सोबती, आहे.

तत्त्वज्ञांना ही कल्पना अवघड गेली. अंतर फार झाले, जसे देव आणि माणूस यांच्यातले, तर मैत्री टिकत नाही, असे ॲरिस्टॉटलचे मत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने त्याचीच मैत्रीची व्याख्या घेऊन उलटा निष्कर्ष काढला: मैत्रीला काहीतरी सामायिक लागते, आणि देव आपला आनंद माणसाला वाटून देतो, म्हणून ख्रिस्ती प्रीती ही देवाशी मैत्रीच होय. त्याच्या शतकभर आधी इंग्लंडमधील रीव्हो मठाचा प्रमुख एल्रेड याने माणसामाणसांतील मैत्रीतूनच देवाकडे वाट जाते असे मांडले होते. ‘देव मैत्री आहे असे म्हणू का?’ या प्रश्नावर तो थोडा कचरतो, पण नाकारत नाही. चौदाव्या शतकात ऱ्हाइन नदीकाठी ‘देवाचे मित्र’ म्हणवणारी मंडळी होती. सोळाव्या शतकात येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने मित्र मित्राशी बोलतो तशी प्रार्थना करायला शिकवले, आणि आविलाच्या संत तेरेसाने प्रार्थनेची व्याख्याच मैत्रीचा सहवास अशी केली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे ‘मित्रसमाज’ हे नावही योहानाच्या पंधराव्या अध्यायाशी, ‘मित्र म्हणतो’ या वचनाशी, जोडले जाते.

मराठीत हे नाते अभंगाच्या वळणाने आले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या ख्रिस्ताला गुरूचे आणि माउलीचे रूप आहे, आणि त्याच्याशी बोलण्यात वारकऱ्याची सलगी. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांइतकीच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. या कामाला त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. मे १९१९ मध्ये ते वारले.